दुपारचा नितेश

१

उन्हाळ्यात आमच्या डाळ मिलमध्ये जेवणानंतर गाड्या लागत नाहीत. हमाल पोत्यांच्या सावलीला आडवे होतात आणि ऑफिसातले आम्ही कूलरपुढे खुर्च्या ओढून मोबाइल बघत बसतो. अकोल्यात एप्रिल-मेच्या दुपारी दुसरं काही करता येत नाही. माझं काम माल रवाना करण्याचं. कोणता ट्रक कुठे पोचला, कुठे अडकला, हे दिवसभर फोनवर विचारायचं. त्यामुळे माझा आवाज मिलमधल्या सगळ्यांच्या कानात बसलेला.

त्या दुपारी मिलच्या ग्रुपवर एक खेळ आला. 'आवाज ओळख' असं त्याचं नाव. स्क्रीनवर येतील त्या ओळी मोठ्यानं वाचायच्या, चार गमतीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग तुमचा आवाज कोणत्या गायकासारखा आहे ते तो सांगणार. शेजारच्या टेबलावरच्या धर्मेंद्रनं आधी करून पाहिलं, त्यावर हसून झालं, मग माझी पाळी आली.

सुरुवातीला त्यानं परवानग्या मागितल्या. माइक, फोटो, फोनमधले नंबर, मी कुठे आहे ते. मी प्रत्येक चौकटीवर 'होय' दाबत गेलो. कंडक्टर पुढे सरका म्हणाला की आपण सरकतो, तसंच. ओळी वाचल्या. मग प्रश्न आले. तुम्हाला घरी काय म्हणतात? तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कोणाची वाटते? मी लिहिलं, आईची. त्या व्यक्तीला तुम्ही कोणत्या वेळी कधीच फोन करत नाही?

हा प्रश्न वाचून मी क्षणभर थांबलो होतो, हे मला नक्की आठवतं. मग 'दुपारी' निवडलं.

निकाल आला: 'तुमचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे.' सगळे हसले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि मी फोन खिशात टाकला.

२

माझी आई, जमुना, अमरावतीला एकटी राहते. बाबा गेल्यावर मी तिला अकोल्याला चल म्हणालो होतो. पण चपराशीपुऱ्यातलं ते घर, दारातला कडुनिंब आणि भिंतीला भिंत लागून असलेली हलीमाबी, हे सोडून यायला ती तयार नव्हती. हलीमाबीला मी लहानपणापासून चाची म्हणतो. त्यामुळे मला काळजी असली तरी घोर नव्हता. रोज संध्याकाळी मिलमधून घरी आलो की मी आईला फोन करायचो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, कूलरमध्ये पाणी टाकलंस का. ती हो म्हणायची. मग फोन माझ्या बायकोकडे, प्राजक्ताकडे जायचा आणि त्या दोघी बोलत बसायच्या.

खेळ खेळल्याला आठवडा झाला असेल. संध्याकाळी मी फोन लावला तर आई म्हणाली, "दुपारीच तं बोललो ना इतकं. आता काय राह्यलं?"

मी म्हणालो, दुपारी मी फोन केला नाही. ती हसली. कामाच्या धबडग्यात विसरला असशील म्हणाली, आणि तू विचारलंस म्हणून मी आज किती वर्षांनी शेताच्या वाटेवरच्या, पांदणीतल्या चिंचेची गोष्ट सांगितली, असंही म्हणाली.

मला कुठली चिंच माहीत नव्हती. मी प्राजक्ताकडे पाहिलं. तिनं मान हलवली, तिनंही केला नव्हता. माझ्या फोनमध्ये पाहिलं तर दुपारी सगळे ट्रकवाल्यांचेच नंबर. आईचा गोंधळ झाला असेल असं आम्ही धरून चाललो. उन्हाचे दिवस, वय झालेलं. दुपारच्या झोपेत माणसाला काहीही ऐकू येतं.

पण दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. आणि त्यानंतर रोज.

३

तिच्या बोलण्यातून मला हळूहळू कळत गेलं की दुपारचा मी फार विचारतो. दर्यापूरकडच्या तिच्या गावी घर कोणत्या तोंडाचं होतं, सकाळचं ऊन कुठे पडायचं. लग्नात तिला कोणत्या रंगाचं लुगडं होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात काय आहे. मी लहान असताना अंधाराला भ्यायचो का. आई सांगत राहायची आणि तो ऐकत राहायचा.

"दुपारी तू कसा निवांत बोलतं," ती मला म्हणाली. "संध्याकाळी तुले घाई राह्यते."

प्राजक्ता शाळेत शिकवते, तिच्या डोक्यात आधी उजेड पडला. आजकाल दुसऱ्याचा आवाज तयार करता येतो, लोकांना फसवतात, तुम्ही तो खेळ खेळलात तिथेच घात झाला, असं ती म्हणाली. मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण फसवणूक ही समजण्यासारखी गोष्ट आहे. मी तो खेळ फोनमधून काढून टाकला. आईला फोन करून नीट समजावलं की दुपारी माझ्या आवाजात फोन आला तर तो उचलायचाच नाही.

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तुहाच फोन उचलू नको, असं तूच सांगून राह्यला. मंग मी कोनाचं आयकू?"

मी फोन प्राजक्ताकडे दिला.

मी पोलिसांत जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काय गेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही. काही मागितलं का? बँकेचा नंबर, पासवर्ड? नाही. मग तो विचारतो काय? मी म्हणालो, माझ्या आईचं लहानपण. त्यांनी पेन खाली ठेवलं. काही गेलं तर लगेच या, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. ती तक्रार लिहायची कशी, ते मलाही सांगता आलं नसतं.

मिलमध्ये आल्यावर मी धर्मेंद्रला विचारलं, तो खेळ तुला कोणी पाठवला होता? त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग ग्रुप उघडून, मागे मागे जात, त्यानं तो मेसेज दाखवला. मेसेज माझ्या नावानं आलेला होता. मी खेळण्याच्या आधीचा.

४

मेच्या सुरुवातीला आईचा फोन हातातून पडून बंद झाला. चाचीचा मुलगा गुलफाम मोबाइल दुरुस्त करतो, तो दुकानात घेऊन गेला. मुंबईहून काही भाग यायचा होता, तोवर मी संध्याकाळी चाचीच्या फोनवर लावायचो आणि चाची तो आईला नेऊन द्यायची. दुपारचं सगळं आता आपोआप थांबेल, या विचारानं मला हलकं वाटत होतं.

मी गुलफामला आईच्या फोनमधले आलेले कॉल बघायला सांगितलं होतं. फोन सुरू झाल्यावर त्यानं मला कळवलं, "भाऊ, दुपारचा एकबी कॉल नाही यात. महिनाभरात एक नाही. सगळे संध्याकाळचे, तुमचे."

त्या संध्याकाळी आई चाचीच्या फोनवरून म्हणाली की दुपारी आपलं बोलणं अर्धवट राहिलं, उद्या पुरं सांगते.

मी तिला काही म्हणालो नाही. फोन चाचीला द्यायला सांगितला. चाचीला विचारलं, दुपारी आई कोणाशी बोलते? तिचा फोन तर गुलफामच्या दुकानात आहे.

चाचीला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "तुमसे बात करती ना बेटा. रोज दीवार में से तुम्हारी आवाज आती. मैं बोली, अच्छा है, लडका दोपहर को आके बैठता है."

५

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी सकाळची बस धरली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता आणि मी स्वतःला समजावत होतो. आई एकटी बोलत असेल. म्हातारी माणसं बोलतात. चाचीचे कान आता पहिल्यासारखे नाहीत. धर्मेंद्रच्या फोनवरचा मेसेज कोणीही माझ्या नावानं पाठवू शकतो. एकेक गोष्ट सुटी घेतली की उलगडत होती. एकत्र ठेवली की परत गुंता.

गल्लीत पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. एकही दार उघडं नव्हतं. कडुनिंबाखाली कुत्रं झोपलेलं. आमच्या घराचा कूलर घरघरत होता आणि त्या घरघरीच्या आतून मला आईचं हसणं ऐकू आलं. ती अशी हसलेली मी बाबा असतानाही फारशी ऐकली नव्हती.

मग एक पुरुष बोलला. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. स्वतःचा आवाज आपल्याला बाहेरून परका वाटतो म्हणतात. मला तो परका वाटला नाही. जरा थांबत, समोरच्याला वेळ देत बोलत होता, एवढाच काय तो फरक.

मी कडी वाजवली. आतलं बोलणं थांबलं.

"कोन?" आईनं विचारलं.

"मी, नितेश. उघड."

मग दाराच्या अगदी जवळून, दबक्या स्वरात, माझाच आवाज म्हणाला, "आई, उघडू नको."

"नितेश तं घरात हाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, आणि ती मलाच भ्याली होती. मी दार जोरानं वाजवलं. आई, मीच आहे, तो कोणी दुसरा आहे, असं काहीबाही बोललो. बोलताना माझं मलाच जाणवत होतं, लबाड माणूस असाच बोलतो.

"नितेश असशीन तं सांग," ती आतून म्हणाली. "माह्या मायचं नाव काय?"

आईची आई माझ्या जन्माआधी वारली. घरात तिचा फोटो नाही. तिचा विषय निघाला की 'तुही आजी' एवढंच. डोक्यात मामांची नावं येत होती, गावाचं नाव येत होतं. आजीचं नाव मला कधी माहीत होतं की नव्हतं, हेही आठवेना.

आतला आवाज न अडखळता काहीतरी म्हणाला. कूलरच्या आवाजात मला तो शब्द नीट ऐकू आला नाही.

शेजारचं दार उघडलं. चाची ओढणी सावरत बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली, मग आमच्या बंद दाराकडे बघितलं.

"तुम बाहर कब आए?" तिनं विचारलं.

६

चाचीनं हाक मारल्यावर आईनं दार उघडलं. आत दुसरं कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. दिवाणाजवळच्या तिपाईवर ताकाचे दोन पेले होते, दोन्ही प्यालेले. आईनं दोन्ही प्याले असतील. उन्हाळ्यात माणूस पितो.

आईही माझ्यामागून खोल्या पाहत होती. आत्ता तर इथंच होता, असं पुटपुटत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची नजर चांगली आहे, अजून सुईत दोरा ओवते. नीट, शांतपणे तिनं माझा चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"बसा ना तुमी," ती म्हणाली. "लांबून आलेले दिसता."

तिला अकोल्याला नेणं भाग होतं, पण नितेशला विचारल्याशिवाय ती माझ्याबरोबर यायला तयार नव्हती. शेवटी प्राजक्ता आली. प्राजक्ताला तिनं लगेच ओळखलं, जवळ घेतलं, तिच्या शाळेचं विचारलं. तिच्यासोबत बसमध्ये बसली. मी मागच्या बाकावर बसलो. तिला त्रास नको म्हणून.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. वार, महिना, शेजारणीचं नाव, वजाबाकी, तिनं सगळं बरोबर सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून हे कोण, असं विचारलं तेव्हा ती ओशाळून म्हणाली, प्राजक्ताच्या ओळखीचे असतील. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. कधी कधी जवळच्या एखाद्याच माणसाची ओळख पटत नाही, धीर धरा, तिच्याशी बोलत राहा, असं त्यांनी सांगितलं.

घरी ती प्राजक्ताच्या मागे मागे असायची. मी संध्याकाळी मिलमधून आलो की पदर सावरून आतल्या खोलीत निघून जायची. दुपारभर मात्र खिडकीशी बसून कोणाची तरी वाट बघायची. आमच्या घरात तिच्याशी बोलायला कोणी आलं नाही, एवढं प्राजक्ता मला रोज सांगायची. आणि आई सुकत चालली होती.

७

मग मी सुटी टाकली. डॉक्टर म्हणाले होते बोलत राहा, म्हणून दुपारी तिच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी विचारलं, पांदणीतली चिंच कशी होती?

ती वळली. मग सांगू लागली.

त्यानंतर मी रोज विचारू लागलो. ती सांगायची, आणि मला खरोखरच ऐकावंसं वाटायचं. चिंचेवरून पडलेली तिची मैत्रीण, सरकीच्या ढिगात लपवलेल्या कैऱ्या, नववी झाल्यावर शाळेतून काढलं तो दिवस. ही बाई इतकी वर्षं माझ्यासमोर होती आणि मी तिला पहिल्यांदाच भेटत होतो. एकदा मी भीतभीतच विचारलं, तुझ्या आईचं नाव काय होतं?

"सांगतलं ना तुले त्या दिवशी," ती म्हणाली. "शकुन. काहून विसरतं रे नित्या?"

नित्या. मला भरून आलं. मी तिचा हात धरला आणि तिनं तो धरू दिला. स्वयंपाकघरात जाऊन प्राजक्ताला सांगितलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री मी गाढ झोपलो. 'सांगतलं ना तुले' या शब्दांचा विचार मी केला नाही. केला असेल तर बाजूला सारला.

सुटी संपत आली होती. त्या दिवशी दुपार उतरल्यावर मी प्राजक्ताला म्हणालो, मिलमध्ये एक सही करून येतो. चप्पल घालणार तेवढ्यात आईनं खोलीतून हळूच हाक मारली. मी तसाच आत गेलो. प्राजक्ता मागे ओट्याशी होती, तिला वाटलं असणार मी गेलो.

आईनं मला जवळ बसवलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. कधीपासून विचारीन म्हणत होती.

"तो संध्याकाळचा मानूस कोन हाय रे?"

मी म्हणालो, कोणता माणूस?

"येते ना रोज. तुह्यासारखाच दिसते अगदी. प्राजक्ता त्याले पानी देते, त्याच्यासंग बोलते. मले भेव लागते." तिनं माझा हात घट्ट धरला. "मले इचारते, जेवली का, गोळी घेतली का. बाकी कायीच नाई इचारत."

मला हसू यायला हवं होतं. मी तिला सांगणार होतो, आई, तो मीच आहे गं. सुटी टाकायच्या आधी मी संध्याकाळी घरी यायचो, ते तुझ्या मनात राहिलं. शब्द तोंडात तयार होते. पण मी ते बोललो असतो तर तिनं हात सोडला असता. ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मी आहे ना," मी म्हणालो. "भिऊ नको."

आणि ऐकताना मला कळलं की मी थांबत थांबत, तिला वेळ देत बोलतो आहे.

बाहेर बेल वाजली.

प्राजक्ता ओट्याकडून आली, तिच्या बांगड्या वाजल्या. कडी निघाली. लवकर आलात, ती म्हणाली. कोणीतरी आत आलं. चपला काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी, कोपऱ्यात सरकवल्याचा. खुर्ची करकरली. मग माझा आवाज, थकलेला, घाईतला, म्हणाला, "पाणी दे गं जरा. आई जेवली का?"

मला उठायचं होतं. दार फक्त लोटलेलं होतं, एक बोट लावलं असतं तरी उघडलं असतं.

आईनं माझा हात आणखी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"आला पाह्य," ती कुजबुजली. "तू नको जाऊ बाहेर."

मी गेलो नाही.